अक्काची तिसरी चतुर्थी

राजूरच्या गणपतीला कसं जावं, असं नातीच्या मैत्रिणीनं विचारलं, म्हणून लिहायला बसलो. आता सोपं आहे. जालन्याहून एस.टी. पकडा, तासाभरात देवळाशी. फक्त चतुर्थी टाळा, पाय ठेवायला जागा मिळत नाही. मी गेलो तेव्हा छप्पन-सत्तावन साल असेल. नुकताच मॅट्रिक झालो होतो, आणि जायचं होतं चतुर्थीलाच.

थोरली बहीण अक्का मंठ्याला माहेरी आली होती. हातावर फिकट चट्टा. चिमटा काढला तरी कळेना. महारोग हा शब्द आमच्यात कुणी उच्चारत नसे, ‘डाग’ म्हणायचे. नाग मारल्याचं पाप, असंही बोलायचे. आईनं पाच चतुर्थ्यांचा नवस बोलला. तो फिटेपर्यंत औषध घ्यायचं नाही, देवावर अविश्वास होतो. ही तिसरी.

जालन्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. दोन्हीकडे हुरड्यात आलेली ज्वारी, धुक्यात अर्धी बुडालेली. मी शाळेतल्या कविता गुणगुणत होतो. वाटायचं, हा रस्ता संपूच नये.

“जरा चालीत म्हण,” अक्का म्हणाली. “बैलं झोपून राह्यलेत.”

दिवेलागणीला राजूरच्या धर्मशाळेत उपास सोडायच्या तयारीनं चुली पेटल्या. अक्कानं तापलेला तवा नुसत्या हातानं उतरवला. करपल्याचा वास आला, तेव्हा तिनं आधी भाकरीकडे पाहिलं.

शेजारच्या चुलीपाशी बसलेली म्हातारी उठून आली. “कितवी चतुर्थी, बाई?”

“तिसरी.”

“म्या अकरा केल्या. बिनऔषधाच्या.” तिनं पदराखालचा हात काढला. बोटं पेरापाशीच संपली होती.

“मंग देवानं ऐकलं न्हाई?” मी विचारलं.

“त्याला कशाला बोल लावतो? औषध नको, हे त्यानं न्हाई सांगितलं. माझ्या सासूनं सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी जालन्यात अक्का मोटारीत चढलीच नाही. “दवाखाना दाखव.”

“सासरी कळलं तर?”

“कळंल. हात गेल्यावर बी कळंलच.”

डॉक्टर म्हणाले, “डोळे मिटा, टोचलं की सांगा.” अक्का डोळे मिटून बराच वेळ गप्प बसली. मग त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, वर्षानुवर्षं घ्यायच्या.

घरी आई दोन दिवस बोलली नाही. अक्कानं गोळ्या देव्हाऱ्यात ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि एक गिळली. “आता परसाद झाला,” म्हणाली. उरलेल्या दोन चतुर्थ्याही तिनं केल्या. सासरहून बोलावणं मात्र पुन्हा आलं नाही.

त्या सहलीतलं काय उरलं? धुकं उरलं, कविता बऱ्याच विसरलो. आणि उरल्या त्या दुपारी दार लोटून अक्काकडे येणाऱ्या बायका, हळूच पदर सारून डाग दाखवणाऱ्या. अक्का टाचणीनं टोचून बघायची. चतुर्थीला त्यांना घेऊन निघायची. घरी सांगायचं राजूर, उतरायचं जालन्याला. दवाखाना झाला की मग राजूरही करायची. खोटं बोलणं तिला बिलकुल जमत नसे.