न मोजलेला कोन

"कोनमापकाला शिवलास?"

मास्तरांनी विचारलं तेव्हा मी शाळेच्या ओसरीत, दाराबाहेर बसलो होतो. महारवाड्यातली मुलं तिथंच बसत. शाळा पारनेर तालुक्यातली. स्वराज्य अजून यायचं होतं.

फळ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा. चार कोन. मास्तरांनी एक मोजून दाखवला, चाळीस अंश. त्याच्या विरुद्ध बाजूचा कोन मुलांनी लाकडी कोनमापक लावून सांगायचा. शाळेत तो एकच होता. सगळ्या वर्गात फिरायचा, दारापर्यंत यायचा आणि मागं वळायचा. त्या दिवशी तो फिरण्याआधीच मी ओसरीतून म्हणालो, "चाळीस."

उत्तर बरोबर होतं. तोच गुन्हा ठरला. मोजल्याशिवाय कळलं कसं? म्हणजे मधल्या सुट्टीत चोरून हात लावला असणार.

मी सांगितलं. सरळ रेघेवर एकशे ऐंशी. चाळीस गेले, शेजारचा कोन एकशे चाळीस. दुसऱ्या रेघेवर त्याच्या जोडीला पुन्हा चाळीसच उरतात. मोजायचं कशाला?

"लई शाना झाला रं!" पाटलांचा मुलगा म्हणाला. वर्ग हसला. मास्तरांनी कोनमापकावर पाणी शिंपडायला लावलं आणि माझ्या वडिलांना बोलावणं धाडलं.

आबा आले. पायरीखाली उभे राहिले. मला काही विचारलंच नाही.

"लावला आसंल, मास्तर. लेकरू हाय. पदरात घ्या."

मग माझ्याकडं वळून, हळू, "व्हय म्हन की रं. न्हाईतर शाळा सुटंल."

"कबूल कर, नाक घास," मास्तर म्हणाले. "मग बस ओसरीत."

मी हललो नाही. आबाच वाकले. माझ्या वाटणीचं नाक घासायला. पायरीला टेकायच्या आत मी त्यांचा दंड धरला.

"उठा आबा. म्या शिवलो न्हाई."

उंबरा ओलांडला. खिळ्यावरचा ओला कोनमापक काढला, आकृतीवर ठेवला. समोरचा कोन. चाळीस.

"आता शिवलो."

छडी मोडेपर्यंत बसली. नावही कमी झालं. उत्तर बरोबर होतं, असं मास्तर शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. मी माफी मागितली नाही. आबांचीही नाही.

न केलेलं कबूल करायचं नाही, ते त्या दिवशी ठरलं. आणि ओसरीत पुन्हा बसायचं नाही. कुठल्याही शाळेच्या, कुठल्याही कचेरीच्या.