काकांचा हात, वकिलांचा घोडा

आमच्या काकांचं चष्म्याचं दुकान आहे. दुसऱ्याला काय दिसत नाही हे त्यांना चटकन कळतं. स्वतःच्या नाकाखालचं मात्र दिसत नाही. वाचनालयाच्या बुद्धिबळ स्पर्धेत गेली बावीस वर्षं ते काकूंच्या धाकट्या भावाकडून हरत आलेत. हे मेहुणे वकील. जिंकून गप्प बसतील तर वकील कसले.

यंदा त्यांनी फारच डिवचलं, तेव्हा काका बोलून गेले, की या खेपेला हरलो तर वडिलांचा शिसवी पट तुझा. बोलून गेले आणि मग आठवडाभर त्यांना जेवण गोड लागेना. त्याच पटावर आजोबांनी त्यांना घोडा चालवायला शिकवलं होतं.

फोनवर काका बरे खेळतात. खऱ्या पटासमोर बसले की गडबडतात. फोनवर सगळं वरून दिसतं, पटावर उंट हत्तीच्या आड लपतो, असं त्यांचं म्हणणं. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझं. मी त्यांची पुतणी, दुकानात काचा घासते, आणि बोलायला मला कुणाची मनाई नाही.

मग त्यांनी तोड काढली. काउंटरवर पट मांडायचा, शेजारी फ्रेमच्या स्टँडला टेकवून फोन. पलीकडे कुठल्या तरी मुलखात बसलेल्याने खेळी केली, की फोन 'टक' करायचा. काका लगेच हात लांब करून त्याचा मोहरा पटावर हलवायचे, मग स्वतःचा, मग तीच खेळी फोनवर. तीन महिने हेच. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असायचं आणि मध्येच टक झालं की काका गायब. एका बाईंना शेवटची ओळ इतक्यांदा वाचावी लागली, की चौथ्या वेळी त्यांनी ती डोळे मिटून म्हटली.

पण गुण आला. अंतिम डावात वकिलांना घाम फुटला. त्यांना वाचवणारी एकच खेळी उरली होती: घोडा उडी मारून राजाला शह देणार आणि त्याच उडीत काकांचा वजीर मारात येणार. ती काकांना दिसली होती, वकिलांना नाही. दहा मिनिटं काका त्या घराकडे बघायचं टाळत बसले. शेवटी वकिलांनी कंटाळून पेनाला टोपण लावलं.

टक.

काकांचा हात निघाला. त्याने वकिलांचा घोडा उचलला आणि नेमका त्याच घरात नेऊन ठेवला.

पंच होत्या ग्रंथपालबाई. त्यांनी घोडा जागेवर ठेवायला लावला आणि काकांना समज दिली. वकिलांनी पटाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि तोच घोडा पुन्हा तिथेच ठेवला. वजीर गेला, आणि वजिरामागोमाग डाव.

त्याच संध्याकाळी काकांनी पट पुसला, कागदात गुंडाळला आणि स्वतः पोचवून आले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी वकील दुकानात आले. पट काखेत.

"भाऊजी, जिंकलो म्हणून सगळ्यांना सांगत सुटलोय. पण सांगताना घोड्यापाशी आलो की अडखळतो."

काका फ्रेमचा स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "अडखळशील नाहीतर काय. त्या डावात दोन्ही बाजूंनी मीच खेळलो."

वकिलांनी काउंटरवर पट मांडला, स्टूल ओढलं, आणि बसण्याआधी खिशातलं पेन काढून माझ्याकडे सांभाळायला दिलं.