ओला चमचा

आमच्या हिच्या मामांच्या मते जगात अजून एकाही गोष्टीचा शेवटचा निकाल लागलेला नाही, आणि म्हणूनच त्यांच्याइतका आनंदी माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. शाहूपुरीत त्यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक 'अमुक कंपनीचाच माल चांगला' म्हणालं की मामा मान वर करून 'कशावरून?' विचारणार, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार. शेवटी मुलानं त्यांना गल्ल्यावरून उठवलं, तेव्हा त्यांनी त्यालाही तेच विचारलं. लग्न ठरवायला ही मंडळी आमच्याकडे आली होती, तेव्हा माझ्या काकांनी पोरगं निर्व्यसनी असल्याची ग्वाही दिली. मामा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "कशावरून?" मी मुळातच बोलायला कंजूष, त्यात हा प्रश्न. मी गप्प. सगळे अवघडले, मामा मात्र खूश. "ठावं न्हाय तवा गप बसतंय. म्हंजे पोरगं खरं हाय." या एका शेऱ्यावर माझं लग्न झालं. गप्प बसणारा माणूस खराच असतो असं नाही, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

स्वतःचं म्हणणं चुकीचं ठरलं की लोक विषय बदलतात. मामा पेढे वाटतात. सकाळच्या गारव्यात स्कूटर कमी पेट्रोल पिते असं त्यांचं ठाम मत होतं. ते तपासायला महिनाभर पहाटे आणि भर दुपारी रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, फरक काही दिसला नाही, आणि मामांनी गल्लीत पुडा फिरवला. समोरच्या कापडवाल्यानं नातू झाला का म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "न्हाय वो, चुकलो." त्या चेहऱ्यावरचा आनंद नातवाच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

अशा माणसाच्या घरी माझ्या हातून ते घडलं. मामींच्या आईनं हातकणंगल्याहून लेकीबरोबर एक चिनी मातीची बरणी पाठवली होती. वर्षाची कांदा-लसणाची चटणी टिकावी तर याच बरणीत, हा मामींचा अभिमान. मामांनी अर्थातच 'कशावरून?' विचारलं. त्या उन्हाळ्यात डंकावरून कुटून आलेली चटणी अर्धी बरणीत, अर्धी स्टीलच्या डब्यात भरली गेली. हिंगाचे खडे दोन्हीकडे सारखे. वर्षभर वापरायची ती डब्यातली आणि बरणीतली आलटून पालटून, चमचा कोरडा ठणठणीत. पावसाळ्यात बरणीत बुरशी आली, डबा शाबूत राहिला. मामी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बरणी घासली, वाळवली आणि निमूट माळ्यावर ठेवली. त्यानंतर चटणीवरून त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

आता खरं सांगतो. मला पित्ताचा त्रास, म्हणून घरी हिनं तिखट बंद केलेलं. कागलच्या एमआयडीसीतून मला रविवारची सुट्टी मिळायची. दुपारी मामा-मामी आडवे झाले की मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचो, नुकता धुतलेला चमचा उचलायचो आणि भाकरीवर चटणी नि तेल घ्यायचो. घ्यायचो ती बरणीतूनच. डब्याचं झाकण खणकन वाजतं. बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं आवाज करत नाही.

यंदा मामी ती बरणी अंगणात ओढून फुलझाड लावायला बसल्या, मातीची पाटीही जवळ आणून ठेवली. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. सगळं सांगून टाकलं, झाकणासकट. मामींनी माती खाली ठेवली. "पावणं, खाल्ली ती खाल्ली. चमचा तरी पुसायचा की." पदरानं बरणी पुसत त्या आत गेल्या, आणि पाठमोऱ्या हसत होत्या हे खांद्यांवरून कळलं.

मामा मात्र चप्पल घालून पेढ्यांना निघालेच होते. उंबऱ्यात थबकले, कपाळाला आठी. "जावईबापू, तुमच्या चमच्यानंच बुरशी आली कशावरून?"

एवढ्या वर्षांचा अपराध, आणि मामा तो पुराव्याशिवाय मान्य करेनात. शेवटी पेढे अर्धेच आले, कारण निकाल अर्धाच फिरला होता. आता फडताळात दोन सारख्या बरण्या आहेत, दुसरी मामांनी हिंडून जोडी लावून आणलेली. एकीत कोरडा चमचा, दुसरीत दर रविवारी मी सगळ्यांदेखत ओला चमचा घालतो. आमची ही तेव्हा माझ्याकडे बघत नाही. दुसरीत बुरशी यावी, मामींची बरणी निर्दोष सुटावी, असं मला फार वाटतं. परवा तसं बोललो तर मामा म्हणाले, वाटण्याचं राहू द्या बाजूला.

मामांना हल्ली नीट दिसत नाही. डाव्या डोळ्याला तर नुसता उजेड कळतो. रविवारी मी फडकं सोडतो तेव्हा ते शेजारी पाटावर येऊन बसतात, बरणीवर हात ठेवतात आणि वाट बघतात.

"तुमी बघा आनि मला सांगा," म्हणतात. "दिसंल तेवढंच सांगा."

मी वाकतो, नीट बघतो, आणि दिसतं तेवढंच सांगतो.