वार्सामेचा भाऊ

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा गुलेद भातात केळं कुस्करून खातो. ही बातमी मिरजेतल्या आमच्या बोळात मीच पसरवली. पसरवायलाच पाहिजे होती. आम्ही जैन, आमच्या स्वयंपाकात कांदा येत नाही. त्याच्या स्वयंपाकात कांद्याशिवाय काही होत नाही. वरून फोडणीचा वास उतरला की आमचे हे, म्हणजे शांतिनाथ, पेपर बाजूला ठेवून डोळे मिटून बसतात. विचारलं तर सांगतात, ध्यान करतोय.

गुलेद सोमालियाचा. शिकायला पुण्यात आला, तिथून कुणा आजारी ओळखीच्या माणसाबरोबर मिरजेच्या दवाखान्यात आला आणि इथलाच झाला. तिकडून ऑपरेशनला येणाऱ्या लोकांचं बोलणं डॉक्टरला सांगायचं आणि डॉक्टरचं त्यांना, हा त्याचा धंदा. मराठी तो नर्सांकडून आणि चहाच्या गाड्यावर शिकला, त्यामुळे माझ्यापेक्षा अस्सल बोलतो. उंच, काटकुळा, कानशिलं पांढरी झालेली. लग्न नाही. त्यावरून मी त्याला किती छळलं असेल याची गणती नाही.

खोली बघायला आला त्या दिवशीच मी विचारलं होतं, "आडनाव काय ओ तुमचं?"

"आडनाव न्हाई, काकू. आमच्यात नुसती नावं असत्यात. माझं, बापाचं, त्याच्या बापाचं. अशी मागं मागं."

"कुठवर?"

"लय मागं."

"मग म्हणून दाखवा की."

"गॅसवर दूध हाय," म्हणून तो उठला. खोली त्याला अजून मिळायची होती. गॅस कुठला आणि दूध कुठलं!

पण जिना चढताना तो काहीतरी पुटपुटतो, हे मला आठवड्याभरात कळलं. पायरीला एक शब्द. खालून वर, ठरलेल्या चालीत, आणि दाराच्या आधीच्या पायरीवर गप्प. मी म्हटलं, "गुलेद, माळ ओढता काय? आमचा नवकार मंत्र शिकवू? लहान हाय." तो हसला. हसताना त्याचे डोळे हसत नाहीत, हेही मी बोळात सांगितलं होतं.

संध्याकाळी तो पायरीवर बसून फोनवर आलेले निरोप ऐकायचा. कोणीतरी तावातावानं बोलत असायचं.

"कोण ओ हा तडतडणारा?"

"लंडनचा चुलतभाऊ. म्हणतोय, आपल्या माणसांनी आता एक पाऊल मागं घ्यायचं न्हाई."

"हा कुठं उभा हाय?"

"बसमध्ये. कामाला चाललाय."

त्यानंच सांगितलं, तिकडं खासदारक्यासुद्धा कुळाकुळांत वाटतात. चार मोठ्या कुळांना सारखा वाटा, उरलेल्या सगळ्यांना मिळून एका कुळाच्या निम्मा. मी म्हटलं, आमच्या गावच्या सोसायटीत दुसरं काय असतंय? तो म्हणाला, "तुमच्याकडं हरलेला माणूस घरी तरी जातोय, काकू." मग पुढचा निरोप लावला. एकाही निरोपाला उत्तर देताना मी त्याला पाहिलं नाही.

गेल्या माघात हलिमो नावाची म्हातारी आली. हृदयाची झडप बदलायची होती. बरोबरचा पुतण्या मुंबईतच तापानं आडवा झाला होता, त्यामुळे म्हातारी एकटीच. मी डब्यात मुगाची खिचडी घेऊन गेले होते, म्हणजे खरं तर बघायलाच गेले होते. डोक्यावरनं मोठी ओढणी, हातावर मेंदी आणि नजर अशी, की डॉक्टरसुद्धा दारात थबकला. डॉक्टर बोलत होता, गुलेद सांगत होता, पण म्हातारी डॉक्टरकडं बघतच नव्हती. ती गुलेदला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती.

"काय म्हणतीय?" मी विचारलं.

"मी कुणाचा, ते विचारतीय. ते कळल्याबिगर माझ्या शब्दावर छाती फाडून घ्यायची न्हाई म्हणतीय."

मला त्यात वावगं वाटलं नाही. आम्हीसुद्धा पाण्याचा तांब्या हातात देताना पाहुणे कुठले हे विचारतोच. तिकडं नावांची ती साखळी पोराला चालता येण्याआधी शिकवतात म्हणे. ती ऐकली की समोरच्याला कूळ कळतं, आपला की परका ते कळतं. गुलेद थोडा वेळ खिडकीकडं बघत राहिला, मग घडाघडा नावं म्हणाला. म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं त्याचा हात ओढून छातीशी धरला, फोन काढला आणि एका तरुण पोराचा फोटो दाखवला. तिचा मुलगा, कधीच वारलेला. सिस्टर अपेक्षानं कागदावर नातेवाईक म्हणून गुलेदचं नाव लिहिलं. नातं, पुतण्या.

"झालं की मग! सोयरीक निघाली!" मी म्हटलं.

दिवसभर गुलेदच्या तोंडाला रंग नव्हता. संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन बसला. मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

"काकू, ती नावं माझी न्हाईत."

"मग कुणाची?"

"मामाची."

मग त्यानं सांगितलं. तो नऊ वर्षांचा होता, थोरला भाऊ वार्सामे पंधराचा. राजधानी पेटली होती. आई दोघांना घेऊन ट्रकमधनं गाव सोडून चालली होती. रस्त्यात जागोजाग बंदुका घेऊन पोरं उभी. ती कागद मागत नव्हती, नावं मागत होती. पुढचा नाका मामाच्या कुळाच्या लोकांचा आहे असं कळलं, तेव्हा आईनं ट्रकमध्येच दोघांकडनं मामाची नावं घोकून घेतली. बापाची विसरा म्हणाली.

"दादाला बंदूक लावली, नि दादानं बापाची नावं म्हटली. मुद्दाम न्हाई, काकू. रोज संध्याकाळी बाप म्हणून घ्यायचा. जिभेवर तीच आली."

"आणि तुम्ही?"

"मी मामाची म्हटली. बरोबर म्हटली." त्यानं गार चहाचा कप बाजूला सरकवला. "मग त्या पोरानं दादाकडं बोट केलं नि मला विचारलं, हा तुझा भाऊ हाय का?"

मी विचारलं नाही. मी, जी डॉक्टरला त्याचं वय विचारते.

"मी न्हाई म्हटलं."

ट्रक पुढं गेला. वार्सामे मागं राहिला. आईसुद्धा ओरडली नाही. ओरडली असती तर दुसराही गेला असता.

आणि ही हलिमो त्या नाक्यावरच्या लोकांच्या, म्हणजे मामाच्या कुळातली; तिच्या नावावरनं ते ओळखूनच त्यानं मामाची नावं म्हटली होती. ती त्याला आपला समजून बसलेली. मी मेले तर तू माती दे, तू माझ्या रक्ताचा, असं तिनं त्याला सांगितलं होतं. खरं सांगावं तर म्हातारी ऑपरेशनला नाही म्हणणार आणि परत जाऊन मरणार. न सांगावं तर तिला खोट्या नात्यावर टेबलावर झोपवायचं.

"ऑपरेशन झाल्यावर सांगा," मी म्हटलं. मला तेवढंच शहाणपण येतं.

"आणि ती उठलीच न्हाई तर?"

म्हातारीची साखर वाढली म्हणून ऑपरेशन चार दिवस पुढं गेलं. गुलेद जेवेना. मी त्याला म्हटलं, चला आष्ट्याला, आमच्या गावच्या घरी हेळवी यायचा आहे, तेवढीच करमणूक. हेळवी म्हणजे घराण्याची नावं सांगणारा. त्याचा आजा नंदीवर बसून यायचा, हा अर्जुना मोटारसायकलवरनं येतो. पण घंटा तीच, मोटारसायकलला बांधलेली.

अंगणात घोंगडं टाकलं. अर्जुनानं कानावर हात ठेवला आणि सुरुवात केली. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष, त्याचा नेमगोंडा, नेमगोंडाचा बाबगोंडा. गुलेद ताठ बसला. भाषा सोडली तर चाल तीच होती, जिन्यावरची.

"बाबगोंडाला दोघं. थोरला पायगोंडा, धाकटा तवनाप्पा..."

"पुढं चल, पुढं," आमचे हे नेहमीप्रमाणे म्हणाले. आम्ही तवनाप्पाचे. पायगोंडा बांधाच्या भांडणात गेला, आणि कुऱ्हाड कुणाच्या हातात होती हे आमच्या घरात शंभर वर्षं कुणी बोलत नाही. मी सून, त्यामुळे मला सगळं माहीत आहे.

अर्जुना थांबला. "धनी, दरसाली तुमी पुढं चल म्हंता. थोरल्याचं नाव घेतल्याबिगर धाकट्याच्या नावावर जाता येत न्हाई. आमच्यात तशी रीत न्हाई."

"त्याचा वंश कुठं हाय आता?"

"वंश न्हाई. नाव हाय की."

गुलेद पुढं सरकला. "पाव्हणं, माझी नावं ऐकता का?"

अर्जुनानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सांगा की. मला कळनार न्हाईत, पर चाल कळंल."

गुलेदनं डोळे मिटले. जिन्यावर पुटपुटतो ती नावं, पण मोठ्यानं. आमचे हे पानाचा डबा उघडायचं विसरले. अंगणात शेजारच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. बापाचं नाव आलं, आणि पुढं त्याचं स्वतःचं. तो थांबला.

अर्जुनानं हात कानावरनं काढला नव्हता. "एकटाच व्हय तू?"

गुलेदनं डोळे उघडले.

"थोरला कोन हाय का? चाल अडाकलीया मदी."

मग गुलेद म्हणाला, "वार्सामे." आणि मग, "गुलेद." तो शेजारच्या बायकांसमोर, आमच्या दिरा-जावांसमोर रडला नाही, नुसता थरथरत होता, थंडी वाजून आल्यासारखा. अर्जुनानं आपल्या खांद्यावरचं कांबळं काढून त्याच्या पाठीवर टाकलं आणि जिथं सोडलं होतं तिथनं आमची नावं पुढं सुरू केली. त्या वर्षी कुणी पुढं चल म्हटलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मी परत डबा घेऊन गेले. पेशंट उपाशी, हे मला माहीत होतं. गुलेद म्हातारीच्या खाटेजवळ स्टुलावर बसला होता. तो बोलू लागला. मला भाषा येत नाही आणि ती येत नाही याचा इतका संताप मला जन्मात आला नव्हता. पण मग नावं सुरू झाली, आणि नावं माझ्या ओळखीची झाली होती. ही मामाची नव्हती. म्हातारीचा हात त्याच्या हातात होता. तो तिनं हळूच काढून घेतला. वार्सामेचं नाव आलं. मग तो बराच वेळ हलक्या आवाजात सांगत राहिला. म्हातारीनं मध्येच एकदा काहीतरी विचारलं, त्रोटक. त्यानं उत्तर दिलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

"काय विचारलं ओ?" मी कुजबुजले.

"कुठला रस्ता. कुठलं साल."

"मग?"

"तिचा मुलगा त्याच साली, त्याच रस्त्यावर होता. फोटो दाखवताना तीच म्हणाली होती."

तेवढ्यात सिस्टर अपेक्षा कागद घेऊन आत आली. दारात स्ट्रेचर लागलं होतं. "दादा, इथं सही. पुतण्या ना तुमी?"

"न्हाई."

"आवो, त्या दिवशी मीच लिहिलंय!"

"खोडा ते. मी पुतण्या न्हाई."

"मग कोण?"

"कोणी न्हाई."

"असं कसं? सहीला कोणीतरी लागतंय की! न्हाईतर डॉक्टर आत घ्यायचे न्हाईत." सिस्टर माझ्याकडं बघायला लागली, जणू मी सही करणार.

म्हातारीनं भिंतीकडं बघतच काहीतरी विचारलं. गुलेदनं सांगितलं, बहुतेक हेच, की हा तुमचा कोण असं विचारतायत. मला वाटलं, झालं, आता म्हातारी उठून चपला शोधणार. तिनं मान वळवली. त्याच्याकडं बघितलं नाही, सिस्टरकडं बघितलं, आणि दोन-तीन शब्द बोलली. त्यातला एक मला कळला.

दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं सांगणारा माणूस, त्याला ते दोन शब्द सांगता येईनात.

"काय म्हणाल्या?" सिस्टरनं पेन उघडलं.

"वार्सामेचा भाऊ."

"वार्सामे म्हणजे पेशंटचा कोण?"

स्ट्रेचरवाला घाई करत होता. सिस्टरनं सांगितलं तसं लिहिलं आणि गुलेदनं खाली सही केली.

म्हातारी वाचली. तीन आठवडे गुलेद तिच्यासाठी डॉक्टरशी बोलत होता. कुठं दुखतंय, काय खाऊ, कधी चालू. त्याच्याशी ती त्यापलीकडं एक शब्द बोलली नाही. मिरज स्टेशनवर गाडीत बसताना तिनं मुंबईहून न्यायला आलेल्या पुतण्याच्या हातून फोन घेतला, मुलाचा तो फोटो उघडला आणि खिडकीतनं गुलेदसमोर धरला. गाडी हलेपर्यंत धरून ठेवला.

परत येताना रिक्षात मला राहवलं नाही. मला कधी राहवतं? "गुलेद, तोच होता का ओ? नाक्यावरचा?"

तो बाहेर बघत होता. "काकू, त्या पोरानं तोंडाला फडकं बांधलं होतं."

त्याच्या कुळाचं नाव मला माहीत आहे, म्हातारीच्याही. मला ओळखणाऱ्यांचा विश्वास बसणार नाही, पण ती मी बोळात कुणाला सांगितलेली नाहीत. त्या रात्री चुलतभावाचे निरोप आले होते, ते त्यानं न ऐकताच पुसले. नंतर जिना चढला. मी दार लावून आत उभी राहिले. नावं खालून वर गेली, पायरीला एक, आणि दाराच्या आधीच्या पायरीवर, जिथं तो आजवर गप्प व्हायचा, तिथं वार्सामेचं नाव आलं. त्याच पायरीवर तो पुन्हा तेच म्हणाला. आणि पुन्हा. दार उघडल्याचा आवाज मला कितीतरी वेळ आला नाही.