आवळीखाली चटणीच चटणी

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीला फार अभिमान वाटला. तसं प्रत्येकाने मला सांगितलं. कोर्टातून पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार तर म्हणाले, "गिरणीतल्या माणसाचा मुलगा ग्रॅज्युएट! काळ बदलला." हे ते आनंदाने म्हणाले की दुःखाने, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या आनंदात आईने गल्लीला जेवण घातलं. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. आईचा जन्म ज्वारी-बाजरीत गेलेला, पण त्या दिवशी तिने पुरणपोळ्या केल्या. गल्ली झाडून सारी आली. एकाचा त्या दिवशी उपास निघाला, एकाचं पोट बिघडलेलं, तिसरा आत्ताच जेवून उठलेला. एवढ्या छोट्या गल्लीत एकाच दिवशी इतक्या लोकांच्या प्रकृतीत बिघाड झाला, तरी म्युनिसिपालिटीने दखल कशी घेतली नाही, याचं मला नवल वाटलं. हलवायाच्या दुकानातले पेढे मात्र सगळ्यांनी घेतले. पेढ्याला जात नसते, कारण तो दुधाचा. पोळीला पाणी लागतं, आणि पाणी लागलं की ते खरकटं. मग करणाऱ्याचे हात कुणाचे हा प्रश्न येतो.

पोळ्या आम्ही घरच्यांनी दोनतीन दिवस खाल्ल्या. वडील गिरणीत डब्यालाही पोळ्याच नेत. पण त्यानंतर गल्लीत कुणाकडे काही असलं की आई ताट पाठवायची बंद झाली, आणि ते मला लागलं. माझ्या आईच्या हातचं ही गल्ली खाईल तेव्हाच माझी पदवी खरी, असं मी मनाशी धरलं. युनिव्हर्सिटीने दिलेला कागद पेटीत होताच.

कार्तिकात आवळीभोजन येतं. आवळीच्या झाडाची पूजा करायची आणि त्याच्या सावलीत जेवायचं. आमच्याकडे ज्याचा तो जायचा, ज्याचं तो खायचा, आणि शेजारच्या पानात काय आहे ते चोरून बघायचा. त्या वर्षी मी शिरस्तेदारांच्या कट्ट्यावर भरलेल्या बैठकीत म्हणालो, "गल्लीने एकत्र जाऊ. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, आवळीखाली मधोमध मांडायचा, आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं."

"वा! उत्तम!" सगळे म्हणाले. गल्लीत एखादी गोष्ट करायची नसली की ती प्रथम उत्तम ठरते, हे मला माहीत होतं. पण भुसाराचे व्यापारी अप्पा बैठकीला होते. अप्पा दुधनीकडचे, कानडीत हिशेब करायचे आणि मराठीत भांडायचे. शहराबाहेर त्यांचा मळा होता, विहीर होती आणि मोठी आवळी होती. ते म्हणाले, "हौदु, हौदु! होय तर! माझ्या मळ्यावर चला की. गाड्या मी देतो." गाड्या फुकट म्हटल्यावर माघार घेणं कुणालाच परवडेना.

"कुणी काय आणायचं ते आधी ठरवू," मी म्हणालो.

शिरस्तेदारांनी तपकीर ओढली. "इंग्रजी शिकलेल्यांना याद्यांचा फार सोस. अहो बी.ए., हा उत्सव आहे, परीक्षा नव्हे. ज्याला जे रुचेल ते त्याने आणावं."

सगळ्यांनी माना हलवल्या. गल्लीला तत्त्वापुढे तपशील नेहमीच क्षुद्र वाटत आला आहे.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी कडक भाकरी करती. टिकत्यात, मोडत न्हाईत. पन खातील व्हय रं?"

"खातील. तसं ठरलंय."

"ठरलंय!" आई एवढंच म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली.

आवळीभोजनाच्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या. बायका नटलेल्या, मांडीवर फडक्यात बांधलेले डबे. कुणी काय आणलंय ते कुणी सांगेना. आमची गाडी सगळ्यांत मागे. वडील पाळीवर गेलेले, म्हणून मी, आई आणि तिचं झाकलेलं टोपलं. मळ्यावर माणसं उतरवून गाड्या मोंढ्यात माल भरायला परत गेल्या. त्या येणार संध्याकाळी. अप्पा शेवटी व्यापारीच. बैल दिवसभर नुसते उभे राहिलेले त्यांना बघवत नसत.

पूजा झाली, सूत गुंडाळून झालं, प्रदक्षिणा झाल्या. एक जाजम अंथरलं. मी आईचं टोपलं उचलायला गेलो तर तिने माझा हात धरला.

"मागं राहू दे. लागली तर मागतील."

"मधोमध मांडायचं ठरलंय आई."

"तू मांड तुझं ठरलेलं," ती म्हणाली आणि टोपलं बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला ठेवून त्याला पाठ लावून बसली.

डबे उघडले. पहिला शिरस्तेदारांच्या घरचा. शेंगांची चटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक. "अहाहा!" सगळे म्हणाले. दुसरा डबा उघडला. शेंगांची चटणी. "हीसुद्धा छान दिसते," कुणीतरी म्हणालं. तिसऱ्यातही तीच निघाली तेव्हा माणसं उरलेले डबे मोजू लागली. चौथ्यात जवसाची निघाली, तर आनंदाने लोकांचे डोळे भरून यायचे बाकी राहिले. मग कारळ्याची, मग पुन्हा शेंगांची, पुन्हा शेंगांची. मागावर विणणाऱ्या तेलुगू घराने आणलेली काळपट लाल होती, आणि ते तिला पोडी म्हणत होते. बाकी तीही चटणीच. अप्पांच्या घरून दोन प्रकार आले होते: एक तिखट चटणी आणि एक जास्त तिखट चटणी.

कुणाचंही काही चुकलेलं नव्हतं. प्रत्येक घराने शुद्ध विचार केला होता. दुसऱ्याने आपल्याला नावं ठेवू नयेत म्हणून पाण्याचा थेंब न लागलेला पदार्थ आणायचा. असा कोणता? भाजलेले दाणे, तिखट, मीठ, लसूण. शिवाय नुकताच चातुर्मास संपलेला. चार महिने लसूण वर्ज्य होता, तो आता सुटला होता. तेव्हा धर्म आणि जीभ दोघांनी मिळून साऱ्या गल्लीला एकाच डब्यापाशी नेलं होतं. भाकरी दुसरं कुणीतरी आणीलच, हे प्रत्येकाने धरलेलं. आणि त्या दुसऱ्याची भाकरी आपल्याला चालणार नाही, हेही प्रत्येकाने मनात पक्कं केलेलं.

प्रथम चिमटीने चव घेणं झालं. "लसूण जरा पुढे आहे." "तुमच्या तिखटाचा रंग काय सुंदर!" मग उचक्या लागल्या. मग विहिरीवर ये-जा सुरू झाली. कुणी आवळे तोडून चावले. आवळ्यावर पाणी गोड लागतं, पण त्याने भूक आणखी पेटते. सूर्य डोक्यावर आला. गाड्या संध्याकाळी येणार. घामाघूम झालेले अप्पा शेवटी ओरडले, "यप्पा! खायाचं कशासंगं हे? मातीसंगं?"

बुंध्यामागून आई म्हणाली, "भाकरी हाय की."

आईने टोपल्यावरचं फडकं काढलं. पापडासारख्या पातळ, कडक भाकऱ्यांची चळत. सगळ्यांनी आधी त्या चळतीकडे पाहिलं आणि मग शिरस्तेदारांकडे. भुकेचा निकालही कोर्टाच्या माणसानेच द्यावा, अशी गल्लीची शिस्त.

शिरस्तेदार उठले. आईजवळ गेले. एक भाकरी उचलून त्यांनी नखाने टिचकी मारली, बाजारात मडकं वाजवून घ्यावं तशी. भाकरी खणखणीत वाजली.

"हं," ते म्हणाले. "ही कडक भाकरी. हिच्यात पाण्याचा अंश उरलेला नाही. म्हणजे हे भाजलेलं धान्यच झालं. लाह्या आणि ही, यांत तत्त्वतः भेद नाही."

बी.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं. इतका सरळ निष्कर्ष मला कोणत्याही प्रोफेसराने काढून दाखवला नव्हता.

मला राहवलं नाही. "म्हणजे काय शिरस्तेदार? माझ्या आईचा हात वाळला की चालतो, ओला असला की नाही?"

शिरस्तेदारांनी भाकरी हातात तशीच धरली होती.

"गप रं," आई म्हणाली. "मानसं भुकेली हाईत." आणि तिने स्वतः उठून वाढायला सुरुवात केली. जाजमावर कडाकड आवाज उठला. चटण्यांचं कौतुक पुन्हा सुरू झालं, या खेपेला मनापासून. मी मात्र उपाशी बसलो. गल्लीने आईच्या हातचं खाल्लं होतं, पण लाह्या म्हणून खाल्लं होतं. मला हवं होतं ते हे नव्हतं, आणि आईलाही नसावं. कारण टोपलं रिकामं झालं आणि माणसं अजून बोटं चाटत होती, तेव्हा ती अप्पांना म्हणाली, "अप्पा, खोपीत पीठ असंल?"

मळ्यावरच्या गड्याच्या खोपीत पीठ होतं, परात होती, तवा होता. दूध तापवायला त्याने बाहेर चूल पेटवलेलीच होती. आई सगळ्यांच्या समोर बसली. विहिरीचं पाणी घेऊन पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली आणि ओल्या हाताने वरून पाणी फिरवलं. जरा जास्तच फिरवलं, असं मला वाटलं. भाकरी टम्म फुगली. मऊ, वाफाळती. आता हिला लाही म्हणायला कुणाची जीभ वळली नसती.

"घ्या," आई म्हणाली आणि भाकरी हातावर धरून बसली. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. तिचा हात भाजत असणार. तो तिने खाली केला नाही.

शिरस्तेदार घसा खाकरून म्हणाले, "माझी जरा वाळू द्या. घाई नाही."

तेव्हा त्यांच्या बायकोने, गल्लीतल्या काकूंनी, आपलं पान पुढे सरकवलं. "तुमची वाळेपर्यंत तुम्ही थांबा. चार महिने लसूण नाही, आणि आता समोर असताना भाकरी वाळायची वाट बघू? वाढा हो बाई, गरम आहे तोवर."

काकूंनी भाकरी मोडली. वाफ निघाली. त्यांनी तिच्यावर चटणी पसरली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग तेलुगू घरातल्या बाईने पान सरकवलं, मग अप्पा स्वतःच चुलीपाशी येऊन मांडी घालून बसले. त्यानंतर आईला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. मीही जेवलो.

शिरस्तेदारांची भाकरी आईने निखाऱ्यांशी उभी करून ठेवली होती, नीट कडक व्हावी म्हणून. ते तिच्याकडे बघत होते. सगळे जेवत होते. आणखी थोडा वेळ त्यांनी शास्त्र धरून ठेवलं. मग मध्येच हात लांब करून त्यांनी ती ओढून घेतली. कडेने वाळलेली होती, मध्ये ओलीच होती. अर्धवट ओल्याला तत्त्वतः काय म्हणतात, ते मी विचारलं नाही. आईने आधीच माझ्याकडे डोळे वटारले होते.

संध्याकाळी गाड्या आल्या. उरलेल्या चटण्या घरी परत न्यायची कुणालाच इच्छा नव्हती. सगळ्यांनी त्या पुड्या बांधून आग्रहाने आईच्या टोपल्यात भरल्या. गाडी हलली तशी काकूंनी पुढच्या गाडीतून हाक मारली, "उद्या ताट पाठवा हो तुमच्याकडचं!" आईने हात वर केला.

मग ती टोपल्यातल्या पुड्या चाचपत बसली. एक माझ्यापुढे धरून म्हणाली, "ही शिरस्तेदाराघरची. नीट बगून घे बाबा, पानी लागलंय का कुटं. न्हाय तर आपल्याला चालायची न्हाय."