आक्कांचं परसों

रोज सकाळी देवापुढे दिवा लावायच्या आधी आक्का माझ्या मुगाच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघायच्या. मोड दिसले की शेजारणीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "घ्या, मुगाला आले मोड! सूनबाईंचं काय?"

आक्का माझ्या सासूबाई. हैदराबादच्या सुलतान बाजारातलं लेसचं दुकान मी घाऊकवाल्यांशी भांडून उभं केलं. बाजारात माझा शब्द चालायचा, पण जामबागच्या घरात माझा भाव आक्का ठरवायच्या.

लग्नानंतर माझी पाळी महिनोन्महिने येईना, अंग सुटायला लागलं. आक्का मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाई पुण्याच्या, इथे नवीन. "शेवटची पाळी कधी आली?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "परसों."

आमच्या हैदराबादेत परसों म्हणजे कालपासून गेल्या दसऱ्यापर्यंत कधीही. मलाही काही खटकलं नाही. पुण्याच्या बाईंनी मात्र परवा असं धरलं, ताकदीच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं.

वर्षानं मी एकटी गेले, पाळीचं खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. हार्मोनचा बिघाड होता. औषधं दिली, वर बजावलं, "सकाळी चहा-बिस्किटावर राहू नका. डाळी, अंडी, पनीर खा."

घरी येऊन मी कडाकडा भांडले. आक्का शेंगा सोलत होत्या, हातही थांबला नाही. "खोटं कुठं बोलले? परसोंच आली होती. घरातलं परक्या बाईला उघडून दाखवतात होय?"

मग मी मुगावर आले. भिजवून मोड आणायचे, सकाळी आलं-मिरची घालून फिरवायचे, दहा मिनिटांत तव्यावर पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, वर किसलेलं पनीर. आक्का म्हणायच्या, "नाश्ता आहे का पैलवानाचा खुराक? लंगोट शिवा हिला!" अंड्याला स्वयंपाकघरात बंदी, ती मी दुकानातल्या चहाच्या किटलीत उकडायची.

वजन उतरलं, पाळी वळणावर आली. मूल झालं नाही. आक्कांच्या परसोंत गेलेलं ते वर्ष मी विसरले नाही.

पुढे आक्का अंथरुणाला खिळल्या, पार सुकल्या. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन द्या. मी तेच मूग भरवायला लागले. त्यांना हवं असायचं चहात बुडवलेलं उस्मानिया बिस्किट.

एकदा घास बाजूला सारून त्यांनी विचारलं, "मला बिस्किट कधी दिलं होतंस गं?"

"परसों."

 आक्का बोळक्या तोंडानं हसल्या. "शिकलीस," म्हणाल्या, आणि तोंड उघडलं. मी मुगाचा घास घातला.

आक्कांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नातेवाईक ऊन झेलत ताटकळले. नवऱ्यानं हळूच विचारलं, "आईचं काही राहिलं होतं का गं?"

बिस्किटांचा पुडा माझ्या पिशवीत होता.

"काही नाही," मी म्हटलं.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला.