काळी काच

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर माझ्या नवऱ्याने आज जेवणाच्या टेबलावर मांडला आहे. बटण दाबलं की पंखा घरघरतो, हिरवा दिवाही लागतो, पण मॉनिटर काळाच राहतो. त्या फुगीर काचेत आम्ही दोघंच तेवढे दिसतो, तो पुढे आणि मी मागे.

मला या खोक्याचा हेवा वाटतो. हसायचं तर हसा.

किती मायेने विचारपूस चालली आहे त्याची. आधी मागची केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. मग झाकण उघडून धुळीवर फुंकर घातली. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, बाळाचे कान पुसावेत तशा हलक्या हाताने. "हा असा गप्प बसणारा नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "आत काहीतरी बिनसलंय."

मी गप्प बसले की मात्र घरात शांतता आहे असं समजून तो पेपर उघडतो. आत सगळं चालू असतं आणि वर काहीच उमटत नाही, हे त्याला कळत नाही अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. पण त्याला तर छान कळतं.

त्याने पुन्हा बटण दाबलं आणि खोक्याला कान लावला. बारीकशी बीप आली तर जीव आहे म्हणायचं. मी शेजारी चहाचा कप ठेवला, तसा त्याने न बघताच हात वर केला.

"अगं, जरा बोलू नकोस. ऐकू दे मला."

सकाळपासून मी एक शब्दही बोलले नव्हते.